कूलरजवळची चप्पल

(नागपूर, मनीषनगर. मे महिन्यातली सकाळ. रोहितच्या घराचा हॉल. दाराशी दोन बॅगा भरून ठेवलेल्या. रोहितची बायको मिनल आपल्या नणंदेच्या नवऱ्याला, गिरिधरला, घर समजावून सांगते आहे.)

मिनल: ...आणि मागचं दार नुसतं लोटलं तर लागत नाही, भाऊजी. थोडं वर उचलायचं, मग कडी बसते.

गिरिधर: उचलून लावायचं. बरं.

मिनल: स्वयंपाकघरातला नळ उलटा फिरतो. बंद करायला जावं तर जोरात सुटतो. नवीन माणूस पहिल्या दिवशी हमखास भिजतो.

गिरिधर: उलटा फिरते. ठीक. ध्यानात ठेवतो.

मिनल: मोटर सकाळीच लावायची. नळ गेला की लगेच बंद करा, नाहीतर कोरडी चालून जळते. मागं एकदा जळली होती. मोगऱ्याला संध्याकाळी पाणी घाला. कुंडीखाली ताटली आहे, ती भरली की पुरे, नाहीतर मुळं सडतात.

गिरिधर: अन् तुळशीले?

मिनल: तुळशीला दोन्ही वेळ. या उन्हात नाही टिकत ती. आणि हो, इन्व्हर्टरवर फ्रिज नाही. लाइट गेली तर फ्रिजचं दार सारखं उघडू नका. मधल्या खोलीतलं कपाट कुरकुरलं तर घाबरू नका, ते रात्री आपोआप आवाज करतं.

गिरिधर: या घराची सारी नाडी तुले माहीत आहे, मिनल.

मिनल: राहून राहून कळतं हो. आपल्याला सवय होऊन जाते ना, वेगळं काही वाटतच नाही. पण बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं.

गिरिधर: हाव. बाहेरच्या माणसाले सांगा लागते.

मिनल: तुम्ही बाहेरचे थोडेच आहात? तसं नाही म्हटलं मी.

गिरिधर: मले राग नाही आला वं. बरोबरच बोलली तू. सांग, आणखी सांग.

मिनल: आणखी काय... बाई मी बंद केली आहे महिनाभर. तुम्ही एकटेच, भांडी ती किती पडणार? आणि एकच, बाहेरची चप्पल आत आणू नका. ही फरशी फार लवकर डागाळते.

गिरिधर: ते काल आल्या आल्याच सांगितलं न तू. दारातच काढायले लावली. हे पाय अनवाणीच आहेत माहे.

मिनल: अहो, तुम्हाला लागलं का ते? सगळ्यांनाच सांगते मी.

गिरिधर: माहीत आहे मले. सुमतीलेही सांगितलं होतं.

मिनल: ...हो. ताईंनाही सांगितलं होतं.

रोहित: झालं का गं तुझं? भाऊजी, हिचं घर म्हणजे विमान आहे. उडवायच्या आधी सगळी बटणं दाखवते.

गिरिधर: दाखवू दे गा. न दाखवता उडवलं तर पडते.

रोहित: हा हा! ते बरोबर. चहा घेतला ना तुम्ही?

गिरिधर: घेतला. तुम्ही इतवारीत गेले होते तेव्हाच मांडून घेतला. साड्या भेटल्या?

रोहित: भेटल्या. विहंगच्या सासूला एक, सुनेला एक. नातीचं बारसं, पोराच्या घरी रिकाम्या हातानं कसं जायचं बेंगळुरूला? भाऊजी, खरं सांगू? तुम्ही स्वतःहून फोन केला, येऊन राहतो म्हणाले, तेव्हा मला इतकं हलकं वाटलं. कॉलनीत चोऱ्या होऊन राहिल्या. घर कोणाच्या भरवशावर सोडायचं, हेच कळत नव्हतं. आणि मनात असं पण होतं, की ताई गेल्यापासून तुम्ही आमच्याकडं पाय नाही ठेवला. वाटायचं, काही राग धरून बसले की काय.

गिरिधर: राग कायचा? सुमती तुहं घर राखायले आली अन् इथंच गेली, त्यात तुहा काय कसूर? तिचं हार्ट बंद पडलं. डॉक्टरनंच सांगितलं न.

रोहित: तेच ना. नशीब एकेकाचं.

गिरिधर: गार्गी येते काय बारशाले?

रोहित: येणार आहे. पुण्याहून परस्पर येतेय. काल बोलणं झालं.

गिरिधर: तुह्याशी बोलते ते. मामाशी बोलते. बापाचा फोन उचलत नाही.

मिनल: येईल हो ती ठिकाणावर. आई गेलेली पोरगी. तिच्या मनात बसलंय की आईच्या छातीत दुखत होतं आणि बाबांनी दवाखान्यात नेलं नाही. हळूहळू निवळेल.

गिरिधर: कोणी बसवलं वं तिच्या मनात?

मिनल: आता... कोणी असं नाही. बोलण्याबोलण्यातून...

गिरिधर: तेरवीले जेवणाच्या पंगतीत तू बोलली. सारी कॉलनी बसली होती, माह्या गावचे, कन्हानचे लोक बसले होते. म्हणे, ताईंच्या छातीत कधीपासून दुखत होतं, पण भाऊजींना खाणीतल्या दोस्तांच्या चौकडीतून फुरसत भेटली तर ना. मी वरण वाढून राहिलो होतो. बादली हातात होती माह्या.

मिनल: मी... मी असं नव्हतं म्हटलं. म्हणजे तसं नव्हतं म्हणायचं.

रोहित: भाऊजी, जाऊ द्या ना आता. टॅक्सी येईल इतक्यात. जुनं कशाला काढता?

गिरिधर: काढत नाही. गार्गीचं सांगून राहिलो. ते पोरगी आता स्वतःचं हार्ट तपासत फिरते. मागं नागपुरात आली तर रामदासपेठेत दवाखान्यात दिवसभर मशीन लावून बसली. आईच्या घराण्यात आहे म्हणे ते बिमारी. एवढुशी पोरगी, जिना चढताना छातीले हात लावते. हे मले तिच्या मैत्रिणीनं सांगितलं, तिनं नाही.

रोहित: तपासून घेतलेलं बरंच असतं.

गिरिधर: तू तपासलं?

रोहित: मी?

गिरिधर: तू सख्खा भाऊ. एका आईच्या पोटचा. तुले भेव नाही वाटलं? पोरगी तपासून राहिली अन् तू भजे खाते.

रोहित: नाही, म्हणजे... वेळ नाही भेटला.

गिरिधर: बरं. सोड. मिनल, तू सारं सांगितलं, एक राहिलं.

मिनल: काय?

गिरिधर: कूलरचं.

मिनल: कूलर? कूलर कुठं आहे आता? एसी घेतला ना आम्ही. दोन्ही खोल्यांत आहे. तुम्ही बिनधास्त लावा, बिलाचा विचार करू नका.

गिरिधर: मले एसी नाही जमत. हाडं दुखतात. कन्हानले कूलरच आहे माह्याकडं. तुमचा गच्चीवर ताडपत्रीखाली पडला होता, तो आणला खाली. तुम्ही इतवारीत गेले तेव्हा नाक्यावरची दोन माणसं बोलावली अन् मधल्या खोलीच्या खिडकीत बसवला. पहिले जिथं होता, तिथंच.

रोहित: कोणता... तो लोखंडी?

गिरिधर: दुसरा आहे काय?

रोहित: भाऊजी, तो खराब आहे. तो नका लावू.

गिरिधर: खराब? काय खराब आहे त्यात? नवीन ताट्या टाकल्या, वाळ्याच्या. वास येऊन राहिला पाहा कसा. जाळी पुसली. बोर्डाचं बटणही चालू केलं. पंखा थोडा जाम आहे, अडकते. फिरन हळूहळू. पाणी तेवढं टाकायचं राहिलं. चल मिनल, भरून दाखव.

मिनल: मी?

गिरिधर: तुहंच घर. नळ उलटा फिरते हे तू दाखवलं, दार उचलून लावायचं हे तू दाखवलं. कूलर कसा भरायचा तेही दाखव. पाइप लावून ठेवला. या इकडं दोघंही. हे पाहा.

मिनल: अहो, त्यात काय दाखवायचं? वरून पाइप टाकायचा, भरलं की काढायचा. तुम्हाला येतंच की.

गिरिधर: मले माहा कूलर येते. तुहा नाही येत. धर पाइप.

मिनल: धरते ना... थांबा, आधी चप्पल घालून येते.

गिरिधर: चप्पल? घरात?

मिनल: ती... पाणी सांडतं ना. पाय घसरतो.

गिरिधर: चप्पल घातली तर जास्त घसरते. अनवाणी बरं. अन् तुह्या फरशीले डाग पडन.

मिनल: पडू दे.

गिरिधर: नाही वं. मले दारात काढायले लावली, सुमतीले काढायले लावली. तू घालते? धर. एका हातानं पाइप, दुसऱ्या हातानं जाळीचा काठ धर, नाहीतर पाइप निसटते. सुमतीनं तसंच धरला असन.

मिनल: रोहित, सांग ना यांना काहीतरी.

रोहित: भाऊजी, बटण बंद करा आधी.

गिरिधर: काहून?

रोहित: पाणी भरताना बंद ठेवतात. सगळेच ठेवतात.

गिरिधर: सगळे ठेवतात? आम्ही कन्हानले सुरू ठेवूनच भरतो. अर्ध नागपूर सुरू ठेवूनच भरते. इतक्या गरमीत कोण उठून बंद करते गा? मिनल, लाव हात. दोन मिनिटांचं काम आहे. तुमची टॅक्सी येईल.

मिनल: मी नाही लावणार हात.

गिरिधर: काहून नाही?

मिनल: नाही लावणार म्हणजे नाही!

गिरिधर: काहून वं? काय होते हात लावला तर?

रोहित: मिनल, मागं हो. मागं हो म्हणतो ना! भाऊजी, ते बटण बंद करा. पाया पडतो तुमच्या. तो करंट मारते!

गिरिधर: ...मारते?

रोहित: मारते. बॉडीत करंट येते त्याच्या.

गिरिधर: आता बोलला गा तू. बस. दोघंही बसा त्या पलंगावर. मिनलले पाणी दे.

मिनल: तुम्ही मला मारायला निघाला होतात! भाऊजी, तुम्ही मला...

गिरिधर: इकडं पाहा. कूलरच्या मागं. हे पिन बोर्डात आहे, दिसते? अन् हे वायर. पिनपासून वीतभर लोंबते, पुढं काहीच नाही. सकाळीच कापली मी, आणल्या आणल्या. जाम-बीम काही नाही, पंख्याले लाइटच नाही. हा डबा आहे नुसता. हा पाहा, दोन्ही हात लावले मी. अनवाणी.

मिनल: मग हा काय तमाशा केला तुम्ही?

गिरिधर: तू हात लावला असता न, मिनल, तर मी म्हटलं असतं, हिले माहीतच नव्हतं. माणसाच्या हातून होते. कूलर अचानक बिघडला असन, बिचारीले काय ठाऊक. मी चुपचाप महिनाभर तुहा मोगरा सांभाळला असता अन् कन्हानले निघून गेलो असतो. पण तू चप्पल मागितली.

रोहित: तुम्हाला कोणी सांगितलं?

गिरिधर: तुमच्या कामवाल्या शोभाताईनं. जिले तुम्ही काढून टाकलं. आली होती घरी. उंबऱ्यात बसून रडली, आत नाही आली. म्हणे, दादा, माह्यानं आता पोटात ठेवणं होत नाही. म्हणे, या घरात सारे चप्पल घालूनच कूलर भरत. निळी रबराची एक जोडी त्यासाठीच कूलरजवळ राहायची. मीही तेच घालून भरायची. त्या दिवशी सकाळी आली तर ताई खाली पडलेल्या, पाइप सुरू, खोलीभर पाणी. तिनं बटण बंद करून तुमाले फोन लावला. अन् तुम्ही रेल्वेतून काय सांगितलं तिले? तू सांग, रोहित. माह्या तोंडून नको.

रोहित: ...पाणी पुसून घे म्हटलं.

गिरिधर: आणखी?

रोहित: ताईला पलंगावर ठेव म्हटलं. शेजारच्या बाईला घेऊन. मग भाऊजींना फोन लाव. आणि कूलरचं नाव काढू नको, पोलीस तुलाच धरतील.

गिरिधर: मी कन्हानवरून आलो तर फरशी कोरडी. याच पलंगावर होती ते. लुगड्याचा काठ ओला होता. मी समजलो, घाम असन. डॉक्टर आला, नाडी पाहिली, म्हणे हार्ट. या गरमीत होते म्हणे असं. मी मान हलवली. डाव्या तळहातावर काळा डाग होता. तुम्ही आल्यावर मी मिनलले विचारलं, हे काय वं? काय म्हटलं तू?

मिनल: तव्याचा चटका असेल म्हटलं.

गिरिधर: डाव्या हाताले. सुमती डाव्या हातानं तवा कधी धरत नव्हती. मले माहीत होतं ते, अन् तरी मी मानलं. काहून का तू रडून राहिली होती. रडणाऱ्या बाईवर कोण शक घेते?

मिनल: मी खोटं नव्हते रडत. ताई मला आईसारख्या होत्या.

गिरिधर: असन. मंग आईले चप्पल काहून नाही दिली? बोल. सारं सांगितलं होतं तिले. फोनवर सांगून राहिली होती मले, मिनलनं दाराचं सांगितलं, नळाचं सांगितलं, मोगऱ्याचं सांगितलं. कूलरचं काहून नाही?

मिनल: घर आवरलं होतं मी. ताई पहिल्यांदाच राहायला येणार होत्या या घरी. नवी फरशी, नवे पडदे. आणि मधल्या खोलीत ती घाणेरडी निळी चप्पल. मला ते बरं नाही दिसलं. मी उचलून माळ्यावर टाकली. टाकताना माझ्या डोक्यातच नाही आलं. आम्हाला सवय झाली होती, भाऊजी. चप्पल घालायची, पाणी भरायचं. करंट मारते असं मनातसुद्धा येत नव्हतं. झिणझिण यायची थोडी, चप्पल घातली की नाही यायची.

गिरिधर: दुरुस्त काहून नाही केला?

रोहित: मे महिन्यात कूलरवाला भेटते का? चार ठिकाणी सांगितलं होतं. आज येतो, उद्या येतो. मग सुट्टी लागली, तिकीट निघालं होतं.

गिरिधर: अन् आठवण कधी झाली? खरं सांग.

रोहित: गाडीत.

गिरिधर: कुठं?

रोहित: वर्धा गेलं होतं. डबा उघडला, हिनं लोणचं काढलं, ताईनंच आणलेलं. तेव्हा मला आठवलं. मी हिला म्हटलं, कूलरचं सांगितलं का गं ताईला? ही म्हणाली, नाही. मी फोन काढला.

गिरिधर: अन्?

मिनल: मी म्हटलं, आत्ता नको. झोपल्या असतील. आणि... मला लाज वाटली. इतकं घर दाखवलं त्यांना. आता फोन करून सांगायचं, की आमच्या घरातला कूलर करंट मारतो, चप्पल घालून भरा, चप्पल माळ्यावर आहे? त्या कन्हानला जाऊन सांगतील सगळ्यांना, असं वाटलं. म्हटलं, सकाळी सांगू.

गिरिधर: सकाळी तिनं भरला.

रोहित: भाऊजी, त्या दिवसापासून मला झोप नाही. खरं सांगून राहिलो. तो कूलर भंगारात द्यायला निघालो होतो. नाही दिला. वाटलं, भंगारवाला दुरुस्त करून दुसऱ्याच्या घरी विकेल. आणखी कोणाची बाई जाईल.

गिरिधर: दुसऱ्याच्या बाईची तुले एवढी काळजी होती. माही बाई माह्या नावावर टाकली तुम्ही. माह्या पोरीले सांगितलं, बापानं मारली.

रोहित: तसं कोणी नाही म्हटलं...

गिरिधर: तसंच म्हटलं. शब्द दुसरे होते. मी वर्षभर तेच मानून बसलो होतो गा! रात्री उठून आठवत राहायचो, ते कधी छाती धरून बसली होती? पायरीवर थांबली होती, तेव्हा दुखत असन? पाणी मागितलं होतं, तेव्हा? माहं डोकं खराब केलं तुम्ही. अन् तिच्या छातीत काहीच नव्हतं. चांगली होती ते. तुमच्याहून चांगली होती.

मिनल: भाऊजी, आम्हाला माफ करा. आम्ही काय सांगणार होतो तेव्हा? पोलीस आले असते...

गिरिधर: माफी मागायले नाही बसवलं तुमाले. रोहित, फोन काढ. गार्गीले लाव.

रोहित: बेंगळुरूला भेटणारच आहे ती. समोर बसून सांगतो. शपथ घेतो.

गिरिधर: तिथं तू नाही सांगणार. तिथं बारसं राहीन. शुभ कामात कायले रडवायचं, म्हणशील. मंग परतताना सांगू, म्हणशील. सकाळी सांगू. लाव आता.

मिनल: विहंगला कळेल, सुनेच्या माहेरच्यांना कळेल. बारशाच्या तोंडावर, भाऊजी. त्या लेकराचं काय चुकलं?

गिरिधर: गार्गीचं काय चुकलं होतं वं? लाव गा.

रोहित: ...हॅलो. गार्गी? मामा बोलतो. हो, निघतोय. नाही, तब्येत बरी आहे. ऐक बाळा, बस आधी. एकटी आहेस? बस. तुझ्या आईचं हार्ट नव्हतं गं. नाही, ऐक. आपला कूलर करंट मारत होता. आमच्या घरचा. आम्हाला माहीत होतं. मले माहीत होतं, गार्गी. तुह्या आईले सांगायचं राहून गेलं. मंग आम्ही लपवलं. तुह्या बाबांचा काही संबंध नाही त्यात. छातीत-बितीत काही दुखत नव्हतं तिले. आम्हीच म्हटलं तसं. ...हाव. हाव, मामीलेही माहीत होतं. ...इथंच आहेत ते. माह्यापुढं बसून आहेत. भाऊजी, ती म्हणते, बाबांना फोन द्या.

गिरिधर: नंतर. तुहं पूर्ण नाही झालं.

रोहित: सगळं सांगितलं.

गिरिधर: चप्पलचं नाही सांगितलं. ते मिनल सांगन.

मिनल: मी नाही बोलू शकत तिच्याशी.

गिरिधर: पंगतीत बोलता आलं, फोनवर नाही? घे.

मिनल: ...गार्गी. मामी. हो. हो गं. चप्पल मी उचलली होती. कूलरजवळची. घर छान दिसावं म्हणून. आणि मामांनी फोन काढला होता गाडीतून, मीच नको म्हटलं. ...नाही. काही कारण नव्हतं गं. लाज वाटली मला. एवढंच कारण. गार्गी? गार्गी, ऐक ना... ठेवला तिनं.

गिरिधर: काय म्हणे?

मिनल: म्हणाली, आईला उन्हाळ्यात पायाखाली गार फरशी आवडायची. बस, एवढंच म्हणाली.

गिरिधर: आवडायची. आदल्या सांजेले मले फोन होता तिचा. म्हणे, इथं घरात चप्पल चालत नाही. फरशी इतकी गार आहे जी, पाय उचलावासा वाटत नाही. माह्या भावाचं घर लय मस्त आहे.

रोहित: भाऊजी, नका हो.

गिरिधर: बाहेर हॉर्न वाजून राहिला. टॅक्सी आली तुमची.

मिनल: आम्ही कसं जायचं आता? गार्गी येणार नाही बारशाला. सगळे विचारतील.

गिरिधर: विचारतील तर सांगा. जा तुम्ही. नात पाहा. घर सांभाळतो म्हटलं न मी? सांभाळीन. टाकी भरीन, दार उचलून लावीन. मोगरा वाळू देणार नाही.

रोहित: तुम्ही खरंच राहणार इथं?

गिरिधर: महिनाभर. हा कूलर पुढं ठेवीन, व्हरांड्यात. येणारा जाणारा पाहीन. शेजारचे रवींद्र येतात न पेपर वाचायले? विचारतील, गिरिधरभाऊ, हा खटारा इथं काहून? मी सांगीन. दूधवाला विचारन, त्यालेही सांगीन. पंगतीत जे जे बसले होते, त्या एकेकाले चहा पाजून सांगीन.

मिनल: या कॉलनीत राहायचं आहे आम्हाला.

गिरिधर: मले कन्हानले राहायचं होतं. राहिलोच न.

रोहित: पोलिसात जाणार तुम्ही?

गिरिधर: ते गार्गी ठरवीन. आई तिची होती. ते म्हणन तर जाईन, नाही म्हणन तर नाही. उचला बॅगा.

रोहित: भाऊजी, ताई असती तर तिनं मला...

गिरिधर: सुमतीनं तुले माफ केलं असतं. मले ठाऊक आहे. लहान भाऊ म्हणून काय काय माफ केलं तिनं तुले. पण ते नाही न आता. तिचं काम माह्यानं होत नाही.

रोहित: ...भाऊजी, तुमचा फोन वाजून राहिला. गार्गी आहे.

गिरिधर: घेतो. मिनल, ते निळी चप्पल अजून माळ्यावरच आहे?

मिनल: हो. तिथंच आहे. हात नाही लावला मी परत.

गिरिधर: काढ ते. जाता जाता कूलरजवळ ठेवून जा.

मिनल: वायर तर कापली ना तुम्ही?

गिरिधर: कापली. तरी ठेव.